सिरियल नंबरवरून वर्ष निघेनासं झालं, आता वस्तूचं वय ओळखायचं कसं?

प्रश्न कोथरूडच्या एका शिक्षणसंस्थेत डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, सांभाळणाऱ्या बाईंचा आहे. त्यांनी एक्सेलमध्ये सिरियल नंबरवरून उत्पादनाचं वर्ष आपोआप काढणारं सूत्र बसवलंय. जुन्या वस्तूंना ते बरोबर चालायचं, पण अलीकडच्या आयपॅडवर आणि फोनवर भलतंच वर्ष येतं. बाजारातला एक विक्रेता त्यांना म्हणाला, "ज्या नंबरवरून वर्ष निघत नाही तो माल डुप्लिकेट." हे खरं का, कंपन्यांनी पद्धत का बदलली आणि संस्थेसाठी वापरलेल्या वस्तू घेताना त्यांचं वय कसं ठरवायचं, असं त्यांनी विचारलंय.

नाही, माल डुप्लिकेट नाही. निदान त्या कारणावरून तरी तसं म्हणता येत नाही. उलट २०२१ नंतर बाजारात आलेल्या आयफोनच्या मॉडेलवर जुन्या पद्धतीचा, वर्ष सांगणारा नंबर छापलेला दिसला तर मी जास्त सावध होईन.

माझा या नंबरांशी दोन्ही बाजूंनी संबंध आला आहे. भोसरीत इन्व्हर्टरची कंट्रोल कार्डं बनवणाऱ्या एका युनिटमध्ये मी नऊ वर्षं होतो. शेवटची तपासणी आणि लेबल लावणं माझ्याकडे होतं, म्हणजे नंबर द्यायचं काम माझं. त्यानंतर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ रिपेअरिंगचं दुकान टाकलं, त्यालाही सतरा वर्षं झाली. इथे दुसऱ्यांनी दिलेले नंबर वाचतो.

तुमचं सूत्र बहुधा ॲपलच्या बारा अक्षरी नंबरासाठी बनवलेलं आहे. २०१० पासून त्यांच्या वस्तूंवर तो असे. पहिली तीन अक्षरं कारखान्याची. मॅकबुकवर बरेचदा दिसणारं 'सी०२' म्हणजे क्वांटा या कंपनीचा शांघायचा कारखाना. चौथं अक्षर सहामाहीचं, पाचवं त्या सहामाहीतल्या आठवड्याचं, सहावं ते आठवं नगाची स्वतंत्र ओळख आणि शेवटची चार अक्षरं मॉडेल आणि त्यातला प्रकार सांगणारी. माझ्या काउंटरच्या मागे एक पुठ्ठा टांगलेला होता, त्यावर चौथ्या अक्षराचा तक्ता: सी म्हणजे २०१० ची पहिली सहामाही, डी म्हणजे दुसरी, एफ आणि जी २०११ च्या, असं करत आर-एस २०१६ च्या आणि वाय-झेड २०१९ च्या. गिऱ्हाईक मशीन काउंटरवर ठेवायचं आणि पाकीट काढेपर्यंत मी त्याला सांगायचो की हे सप्टेंबरात बनलंय.

आता त्या तक्त्यातली अक्षरं मोजा. इंग्रजी वर्णमालेतले स्वर काढले, बी काढला की उरतात वीस. वर्षाला दोन अक्षरं लागतात, म्हणजे दहा वर्षांत वर्णमाला संपली. २०२० उजाडलं आणि सी परत आला. त्यामुळे फक्त चौथं अक्षर पाहिलं तर २०१० चं मशीन आणि २०२० चं मशीन सारखंच. तुमच्या रजिस्टरात २०२० साली घेतलेल्या वस्तू काढून बघा. त्यांच्यापुढे २०१० आलं असेल तर सूत्राची पहिली चूक तिथे आहे, ती नव्या पद्धतीच्याही आधीची आहे.

मार्च २०२१ मध्ये ॲपलने आपल्या सेवा विभागाला कळवल्याची बातमी आली की यापुढच्या नव्या वस्तूंवर अक्षर-आकड्यांची यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम किंवा साचा नसलेली रांग असेल, ती आठ ते चौदा अक्षरांची असू शकेल, सुरुवातीला दहा. तिच्यात कारखाना नाही, आठवडा नाही, मॉडेलचा संकेतही नाही. त्या वेळी विकल्या जात असलेल्या वस्तूंचे नंबर जुन्याच पद्धतीने चालू राहणार होते. म्हणून २०२१ आणि त्यानंतरच्या खरेदीत तुम्हाला दोन्ही तऱ्हा शेजारी-शेजारी दिसतील. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

का बदललं, याचं उत्तर मला भोसरीतच मिळालं होतं, ते या बातमीच्या पुष्कळ आधी. आमचा नंबर सरळसोट होता: वर्षाचा एक आकडा, महिन्याचे दोन, लाईनचा एक आणि पुढे महिन्याच्या एक तारखेला एकपासून सुरू होणारा चार आकडी अनुक्रम. मला त्याचा अभिमान होता, कारण बिघडलेलं कार्ड परत आलं की कुठल्या लाईनवर, कधी बनलं ते मी उभ्या-उभ्या सांगू शकायचो. एका वर्षी दोन नंबरच्या लाईनवर खराब कपॅसिटरचा एक लॉट चढला. तीन दिवसांचा माल, फार तर दोनशे कार्डं. पण डीलर लोकांनी लाईनचा आकडा हेरला आणि त्या वर्षभरात दोन नंबरच्या लाईनवर बनलेलं प्रत्येक कार्ड परत पाठवायला सुरुवात केली. चांगली कार्डं गाडीने येत राहिली. आम्ही ती तपासून, नवं खोकं घालून परत पाठवायचो, आणि नंबर बघून ती पुन्हा परत यायची. लाईनवरच्या मुलींनी चोख काम केलं होतं, त्यांच्या कामावर डाग लागला. ते मला आजही लागून राहिलंय, कारण तो आकडा लेबलावर घालायची कल्पना माझी होती.

त्याच सुमारास आमच्या मालकांना कळलं की एक प्रतिस्पर्धी महिन्याच्या शेवटी बाजारातून आमची दोन-चार कार्डं विकत घेतो. कार्डाची नक्कल करायला नव्हे. महिन्याचा अनुक्रम कुठवर गेला एवढं बघायला. आमचं महिन्याचं उत्पादन किती, हे आम्हीच प्रत्येक नगावर छापून देत होतो.

ही युक्ती फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतो हे मित्रराष्ट्रांनी हाती लागलेल्या रणगाड्यांवरच्या नंबरांवरून काढलं. हिशोब सोपा आहे. चार रणगाडे मिळाले आणि त्यांतला सर्वांत मोठा नंबर ६० असला, तर ६० मध्ये ६० भागिले ४ मिळवायचे आणि एक वजा करायचा. उत्तर ७४. ऑगस्ट १९४२ साठी हेरांचा अंदाज होता १५५०, नंबरांवरून काढलेला ३२७. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत खरा आकडा सापडला, ३४२. चार नगांच्या नंबरांतून एवढं कळत असेल, तर लाखोंनी फोन विकणाऱ्या कंपनीच्या नंबरातून काय-काय कळेल ते बघा. आठवड्याला किती बनले, कुठल्या कारखान्यात किती, कुठल्या मॉडेलची मागणी घसरली, सगळं.

फसवणुकीचा मुद्दा मला यापेक्षाही मोठा वाटतो. नंबर ठरावीक साच्यात आणि क्रमाने चालत असला की हातातल्या एका खऱ्या नंबरावरून शेजारचे शंभर खरे नंबर घरी बसून लिहिता येतात. मग त्यांतला एखादा कुणाच्या तरी नकली फोनच्या लेबलावर चढतो आणि बदली मागायला सर्व्हिस सेंटरवर जातो. यादृच्छिक दहा अक्षरांत हे जमत नाही, कारण शक्यता अब्जावधींच्याही पुढे जातात आणि त्यांतल्या अगदी थोड्याच प्रत्यक्ष वापरात असतात. त्यात मूळ मालकाचाही फायदा आहे, त्याचा नंबर दुसरा कुणी अंदाजाने वापरू शकत नाही.

ही दिशा एकट्या ॲपलची नाही. आयएमईआय म्हणजे प्रत्येक मोबाईलचा स्वतःचा पंधरा आकडी ओळख क्रमांक. त्यात पूर्वी सातवा आणि आठवा आकडा अंतिम जुळणीच्या कारखान्याचा असे. २००३ मध्ये त्या जागी दोन शून्यं आली आणि २००४ पासून तो भागच रद्द होऊन पहिले आठही आकडे मॉडेलचे झाले. पुढचे सहा नगाचे, शेवटचा पडताळणीचा. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला फोनचा सिरियल नंबर आणि आयएमईआय वाचताही येत नाही. नंबर ही आता खाजगी गोष्ट मानली जाते, आणि ते योग्यच आहे. जुनी वस्तू विकताना लेबलाचा फोटो जाहिरातीत टाकू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

पण सगळ्यांनी पद्धत बदललेली नाही, म्हणून तुमचं सूत्र सरसकट फेकूनही देऊ नका. एचपीच्या दहा अक्षरी नंबरात पहिली तीन अक्षरं ठिकाणाची, चौथा आकडा वर्षाचा शेवटचा अंक, पाचवा-सहावा आठवडा. '५सीडी८१२' ने सुरुवात असेल तर २०१८ चा बारावा आठवडा. सिस्कोच्या स्विच-राउटरवर तीन अक्षरांनंतरच्या दोन आकड्यांत १९९६ मिळवायचे की वर्ष येतं. तिथे २४ असेल तर २०२०, २०२४ नव्हे. ही चूक मी भल्याभल्यांना करताना पाहिली आहे. एलजीच्या टीव्ही-फ्रिजवर पहिला आकडा वर्षाचा आणि पुढचे दोन महिन्याचे, त्यामुळे ९०५ म्हणजे मे २०१९, किंवा मे २००९. दशक तुम्हालाच वस्तूकडे बघून ठरवावं लागतं. सीगेटच्या जुन्या हार्ड डिस्कवरचा डेट कोड तर कंपनीच्या आर्थिक वर्षाने चालतो आणि ते वर्ष जुलैत सुरू होतं. '०९१०१' मध्ये ०९ वर्ष आणि १० आठवडा, ते वाचून लोक मार्च २००९ समजतात, ती डिस्क असते सप्टेंबर २००८ च्या सुमाराची.

डेलचं वेगळं आहे आणि ते मला फार आवडतं. त्यांचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग वर्ष सांगत नाही, पण लेबलावर त्याच्याशेजारी एक्स्प्रेस सर्व्हिस कोड म्हणून लांबलचक आकडा असतो. तो वेगळा नंबर नाही, तोच टॅग आहे. टॅगची मोजणी दहा अंक आणि सव्वीस अक्षरं अशा छत्तीस चिन्हांवर चालते. आपण दहाच्या घरात एकं-दहं मोजतो तसं छत्तीसच्या घरात मोजून तो दशमान आकड्यात उतरवला की एक्स्प्रेस कोड मिळतो. फोनवर आकडेच दाबता यायचे, म्हणून ही सोय. उदाहरणार्थ, टॅग १०००००० असेल तर कोड २१७६७८२३३६ आलाच पाहिजे. नकली लेबल छापणारे टॅग बदलतात आणि कोड जुनाच ठेवतात. मागे एक विद्यार्थी रविवारच्या जुन्या बाजारातून लॅपटॉप घेऊन आला होता. विकणाऱ्याने २०२० चा म्हणून दिलेला. मशीनला चांगल्याच घासलेल्या कडा आणि खाली कोरं करकरीत लेबल. टॅग आणि कोड जुळेनात. बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यांत आधी चालणारं आतलं सॉफ्टवेअर, उघडला तर आत तिसराच टॅग.

मग मी झाकण उघडलं. वय ओळखायची ही रीत सिरियल नंबरवर अवलंबून नाही, ती कुठल्याही कंपनीच्या धोरणाने बदलणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बोर्डावरच्या बऱ्याच चिपांवर चार आकडी डेट कोड असतो: पहिले दोन वर्ष, पुढचे दोन आठवडा. भिंग लावून, टॉर्च तिरपा धरून बघायचं. सरळ उजेडात ती कोरीव अक्षरं दिसत नाहीत. त्या मशीनवर मला १६३८ दिसलं, मग १६४१, आणि एका कोपऱ्यात १६४५. सगळ्यांत नवीन चिप धरायची, कारण बोर्ड तिच्याआधी बनलेला असूच शकत नाही. २०१६ चा पंचेचाळिसावा आठवडा म्हणजे नोव्हेंबर. चिप कारखान्यात पोचून बोर्डावर चढेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात, तेव्हा मशीन २०१६ अखेर किंवा २०१७ च्या पूर्वार्धातलं. एखादीच चिप बाकीच्यांपेक्षा तीन-चार वर्षं नवी निघाली तर तिच्याभोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंग करताना लावतात त्या रसायनाचा, पिवळट थर आहे का ते पाहा. ती नंतर बदललेली असते. त्या मुलाचे पैसे परत मिळाले नाहीत, पण बोर्ड चांगला होता. बॅटरी आणि डिस्क बदलून मशीन दिलं, पदवी होईपर्यंत चाललं.

तुम्ही काही प्रत्येक वस्तू उघडणार नाही, आणि बंद आयपॅड उघडायला जाऊही नका. तुमच्यासाठी सोपे मार्ग आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या पॅकबंद मालाच्या खोक्यावर उत्पादनाचा (जुन्या खोक्यांवर काही वेळा आयातीचा) महिना आणि वर्ष छापणं वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. सिरियल नंबर मुका झाला तरी खोकं बोलतं. आपण खोकी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देतो. तसं करण्याआधी लेबलाचा फोटो काढून रजिस्टरला जोडा. दुसरं, जीएसटीच्या बिलावर सिरियल नंबर किंवा आयएमईआय लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. वापरलेली वस्तू घेताना मूळ मालकाचं बिल मागा. तिसरं, कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून वॉरंटी तपासा आणि तिथे दिसलेलं मॉडेल हातातल्या वस्तूशी जुळतं का ते पाहा. नवा यादृच्छिक नंबर खरा की खोटा हे नुसतं त्याच्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. जो तसं सांगतो, त्याच्याकडून वस्तू घेऊ नका.

आयफोन असेल तर सेटिंग्जमधल्या 'अबाउट' मध्ये मॉडेल नंबर पाहा. पहिलं अक्षर एम असेल तर तो नवा म्हणून विकलेला, एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे तक्रारीत बदलून दिलेला, पी म्हणजे मागे नाव कोरून दिलेला. शेवटी 'एचएन/ए' असेल तर भारतातल्या विक्रीचा. ही माहिती सिरियल नंबरातून गेली असली तरी इथे आहे, आणि 'नवाकोरा' म्हणून दिलेल्या फोनवर एन निघालेला मी अनेकदा पाहिलाय. कुठलाही मोबाईल असो, *#०६# दाबून येणारा आयएमईआय बिलावरच्याशी ताडून घ्या. मग केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा किंवा मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथीच्या संकेतस्थळावर टाका. मॉडेल काय आहे आणि तो फोन काळ्या यादीत आहे का, ते कळतं. संस्थेच्या पैशातून चोरीचा फोन घेतला जाऊ नये म्हणून एवढे कष्ट घ्याच.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. कंपन्यांनी नंबर मुका केला त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण त्याबरोबर बनल्याचा महिना वस्तूच्या अंगावर साध्या आकड्यांत छापायला हवा होता. खोकं हरवतं, बिल फिकं पडतं. थर्मल कागदावरचं बिल दोन उन्हाळ्यांत कोरं होतं. मग चार हातांतून फिरलेल्या वस्तूचं वय सांगणारी एकच जागा उरते, कंपनीचा सर्व्हर, आणि तिथे किती दाखवायचं ते कंपनी ठरवणार. वापरलेली वस्तू घेणारा गरजू असतो. त्याच्या हातातली एक साधी कसोटी यात गेली, आणि माझ्यासारख्या स्वतंत्र दुरुस्तीवाल्याचीही. पूर्वी शेवटच्या चार अक्षरांवरून सुटा भाग कुठला लागेल ते फोनवर सांगता यायचं, आता मशीन हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

आता तुमच्या रजिस्टरबद्दल. वर्ष काढणारं सूत्र फक्त जुन्या नोंदींना ठेवा, आणि तिथेही निघालेलं वर्ष एकदा बिलाशी ताडून मग आकडा म्हणून पक्कं लिहून टाका. यापुढे उत्पादनाचा महिना, खरेदीची तारीख आणि मॉडेल यांचे वेगळे रकाने करा आणि ते हाताने भरा. सिरियलच्या रकान्याला बारा अक्षरांची अट घातली असेल तर ती काढा.

तो रकाना नोंद करण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं. नंबरात आकड्यांच्या मध्ये एकच ई असेल, जसं १२३४ई५६, तर त्याला ते घातांकाची संख्या समजून भलतंच लिहितं, आणि मूळ नंबर परत मिळत नाही. आयएमईआयचे पंधरा आकडे एक्सेलमध्ये जेमतेम बसतात, पण काही फोन सॉफ्टवेअर आवृत्तीसकट सोळा आकडे दाखवतात. त्यातला शेवटचा आकडा एक्सेल मुकाट्याने शून्य करून टाकतं. ॲपलच्या नंबरात ओ हे अक्षर नसतं, गोल दिसलं की ते शून्य. आणि लेबलावर आर अक्षरापुढे आठ आकडे दिसले तर तो सिरियल नंबर नव्हे, ती भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आहे. एकाच कारखान्यात बनलेल्या त्या मॉडेलच्या प्रत्येक नगावर ती सारखीच असते. एका ठिकाणी चाळीस मशीनांपुढे तोच एक नंबर लिहिलेला मी पाहिलाय, आणि ऑडिटच्या वेळी सगळ्यांची धावपळ झाली.

बारकोड स्कॅनर वापरत असाल तर आणखी एक. खोक्यावरचा बारकोड वाचला की काही वेळा सिरियल नंबराच्या आधी एस हे जास्तीचं अक्षर येतं. ती छापण्याची रीत आहे: एस म्हणजे पुढे सिरियल नंबर, १पी म्हणजे पुढे पार्ट नंबर. नंबर बारा अक्षरीच असायचा तेव्हा तेरा अक्षरं आली की चूक लगेच दिसायची. आता लांबी ठरलेली नाही, म्हणून ती नजरेतून सुटते. पहिले दोन-चार नग स्कॅन केल्यावर वस्तू चालू करून स्क्रीनवरचा नंबर आणि रजिस्टरमधला नंबर शेजारी धरून वाचा. दोघींनी मिळून, एकीने वाचायचं आणि दुसरीने बघायचं. भोसरीत आम्ही असंच करायचो.